एआरपी टेबल कमांड लाइनवरून कसे पाहावे, कसे वाचावे आणि केव्हा पुसावे?

उत्तरायण (मूळ प्रश्न):

नेटवर्कमधील एका सर्व्हरचे यंत्र नुकतेच बदलले. जुने यंत्र बंद केले आणि नव्या यंत्राला तोच आयपी पत्ता दिला, म्हणजे वापरणाऱ्यांना कोठेही काही बदलावे लागणार नाही. प्रत्यक्षात त्याच सबनेटमधील (म्हणजे राउटरशिवाय एकमेकांशी थेट बोलणाऱ्या यंत्रांच्या गटातील) लिनक्स संगणकांना नवा सर्व्हर जवळजवळ लगेच मिळाला. त्याच सबनेटमधील एका विंडोज संगणकाला मात्र तो मिळत नाही, आणि दुसऱ्या सबनेटमधून राउटरमार्गे येणाऱ्या कोणालाही तो अद्याप मिळत नाही. सर्व्हरवरील सेवा व्यवस्थित चालू आहे, शेजारच्या यंत्रांशी तिचा संवादही होत आहे.

मला सगळीकडून एकच सल्ला मिळतो आहे: एआरपी कॅशे, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणते नेटवर्क कार्ड आहे याचे यंत्राने जपलेले टेबल, पुसून टाका. तो सल्ला बरोबरही असेल. परंतु एकाच बदलाला तीन प्रकारची यंत्रे तीन प्रकारे का सामोरी गेली, हे त्या टेबलातूनच कळेल असे वाटते, आणि पुसल्यावर ते कळण्याची सोय राहणार नाही. म्हणून लिनक्स, विंडोज आणि अ‍ॅपलचे मॅक संगणक यांवर हे टेबल कमांड लाइनवरून कसे पाहावे, त्यातील स्थितिदर्शक शब्दांचा नेमका अर्थ काय, एखादी नोंद जपून कशी काढावी किंवा घालावी, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

खोलपाणी:

आधी वाचायचे आणि मग पुसायचे, हा आपला क्रम योग्य आहे. उदाहरणांसाठी मी १९२.०.२.० ने सुरू होणारा, खास दस्तऐवजांसाठी राखून ठेवलेला पत्तासमूह वापरतो. आपल्या सर्व्हरचा पत्ता १९२.०.२.२०, जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) ००:००:५ई:००:५३:२० आणि नव्याचा ००:००:५ई:००:५३:२१ असे धरू. कमांड येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टंकायच्या आहेत.

एआरपीची मूळ व्याख्या १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये डेव्हिड प्लमर यांनी लिहिलेल्या आरएफसी ८२६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात आहे आणि ती आजही जवळपास तशीच चालते. एखाद्या यंत्राला आपल्याच सबनेटमधील आयपी पत्त्याकडे पॅकेट पाठवायचे असेल, तर त्याला त्या पत्त्यामागचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. तो माहीत नसेल तर ते सर्वांना ऐकू जाईल अशी ब्रॉडकास्ट विनंती करते, ज्याचा पत्ता असेल ते यंत्र थेट उत्तर देते, आणि ही जोडी काही काळ टेबलात ठेवली जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ‘काही काळ’ म्हणजे किती, हे त्या आरएफसीने ठरवून दिलेले नाही. प्रत्येक कार्यप्रणालीने आणि प्रत्येक राउटरच्या निर्मात्याने ते आपापल्या परीने ठरवले, आणि आपण पाहत असलेला फरक बहुतांशी तेथूनच येतो.

लिनक्सवर मुख्य कमांड आहे ‘आयपी नेबर शो’. एकाच इंटरफेसपुरते पाहायचे असेल तर ‘आयपी नेबर शो डेव्ह ईटीएच०’. प्रत्येक ओळीत आयपी पत्ता, इंटरफेस, मॅक पत्ता आणि शेवटी स्थिती असते. लोक मॅक पत्त्यापर्यंत वाचतात आणि थांबतात. खरी माहिती शेवटच्या शब्दात असते.

‘रीचेबल’ म्हणजे पलीकडचे यंत्र या मॅक पत्त्यावर असल्याची खात्री नुकतीच झाली आहे. ही खात्री मुळातील मूल्यांनुसार सरासरी ३० सेकंद ग्राह्य धरली जाते. सगळ्या नोंदी एकाच वेळी जुन्या होऊ नयेत म्हणून प्रत्यक्ष मुदत १५ ते ४५ सेकंदांच्या दरम्यान यादृच्छिकपणे निवडली जाते. मुदत संपली की नोंद ‘स्टेल’ होते. हा शब्द पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि टेबल पुसायला धावतात, पण स्टेल हा बिघाड नाही. नोंद आहे, ती वापरता येते, फक्त अलीकडे तिची खातरजमा झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शांत नेटवर्कमध्ये बहुतेक नोंदी बहुतेक वेळ स्टेलच दिसतात. शिवाय टेबलात १२८ पेक्षा कमी नोंदी असतील तर कर्नल (लिनक्सचा गाभा) सफाई करण्याच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे छोट्या नेटवर्कमध्ये जुन्या स्टेल नोंदी दीर्घकाळ तशाच राहतात.

स्टेल नोंदीच्या पत्त्याकडे पॅकेट पाठवायची वेळ आली की कर्नल ते जुन्याच मॅक पत्त्यावर पाठवून देतो आणि नोंद ‘डिले’ स्थितीत नेतो. पुढच्या ५ सेकंदांत टीसीपीसारख्या वरच्या थराकडून पलीकडून उत्तरे येत असल्याचे कळले, तर वेगळी चौकशी न करताच नोंद पुन्हा रीचेबल होते. तसे काही कळले नाही तर ती ‘प्रोब’ स्थितीत जाते, म्हणजे त्याच मॅक पत्त्याला थेट, १ सेकंदाच्या अंतराने ३ विनंत्या पाठवल्या जातात. त्यांनाही उत्तर आले नाही की नोंद ‘फेल्ड’ होते, आणि पुढच्या पॅकेटसाठी कर्नल पुन्हा पहिल्यापासून ब्रॉडकास्ट करून विचारतो. त्या शोधाच्या काळात स्थिती ‘इन्कम्प्लीट’ असते. आपल्या लिनक्स संगणकांनी नेमके हेच केले असणार. जुने यंत्र बंद होते, थेट विनंत्यांना कोणी उत्तर दिले नाही, ब्रॉडकास्टला नव्या यंत्राने दिले. काही सेकंदांत काम झाले, कोणाला काही पुसावे लागले नाही.

उरलेल्या दोन स्थिती म्हणजे माणसाने स्वतः घातलेली आणि मुदत नसलेली ‘परमनंट’, आणि जेथे शोधाची गरजच नसते तेथे येणारी ‘नोएआरपी’.

‘आयपी -एस नेबर शो’ असे लिहिल्यास प्रत्येक नोंदीपुढे ‘यूज्ड’ या शब्दानंतर तिरप्या रेघांनी विभागलेले तीन आकडे येतात: नोंद शेवटची वापरली, तिची खात्री झाली आणि ती बदलली, याला प्रत्येकी किती सेकंद झाले. पत्ता अचानक कधी बदलला हे शोधताना तिसरा आकडा फार उपयोगी पडतो.

साखळीदुवा:

वरील प्रतिसादाला जुन्या कमांडची जोड देतो, कारण अनेक यंत्रांवर अजूनही तीच हाताशी असते. ‘एआरपी’ ही कमांड नेट-टूल्स या जुन्या संचातील आहे; पुष्कळ नव्या लिनक्स वितरणांमध्ये ती मुळात बसवलेली नसते. ती चालवताना ‘-एन’ हा पर्याय नेहमी द्यावा. तो न दिल्यास ती प्रत्येक आयपी पत्त्याचे नाव डीएनएसकडून मिळवण्याचा प्रयत्न करते, आणि नेटवर्क बिघडलेले असताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, प्रत्येक ओळीवर अडकून बसते. तिच्या फलितातील ‘फ्लॅग्ज’ स्तंभात सी म्हणजे पूर्ण झालेली नोंद, एम म्हणजे कायमची आणि पी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने उत्तर देण्यासाठी ठेवलेली नोंद. रीचेबल आणि स्टेल यांतला फरक ती दाखवत नाही, म्हणून निदानासाठी माझी पसंती ‘आयपी नेबर’लाच आहे. कोणतेच साधन नसलेल्या अगदी लहान यंत्रणेत ‘कॅट /प्रॉक/नेट/एआरपी’ हा मार्ग उरतो.

मॅकवर ‘एआरपी -ए’, आणि नावे नको असतील तर ‘एआरपी -एएन’. येथे नोंदीची मुदत १२०० सेकंद म्हणजे २० मिनिटे असते. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी: मॅकवरील ही कमांड मॅक पत्त्यातील प्रत्येक जोडीच्या सुरुवातीचे शून्य गाळते, म्हणजे ००:००:५ई:००:५३:२१ हा पत्ता ०:०:५ई:०:५३:२१ असा दिसतो. लिनक्सवरील यादीशी तो स्क्रिप्टने जुळवू पाहणाऱ्यांना दोन्ही पत्ते वेगळे वाटतात आणि नसलेला दोष सापडतो. तुलना करण्यापूर्वी शून्ये भरून घ्यावीत. विंडोज जोड्यांमध्ये आडव्या रेघा घालते, तर सिस्कोची यंत्रे चार-चार अक्षरांचे तीन गट टिंबांनी विभागून दाखवतात. तेही एका रूपात आणून मगच ताडून पाहावे.

द्वारपाल:

विंडोजबद्दल लिहितो. ‘एआरपी -ए’ दिल्यावर प्रत्येक इंटरफेसची यादी स्वतंत्रपणे येते आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘डायनॅमिक’ किंवा ‘स्टॅटिक’ असे लिहिलेले असते. स्टॅटिक नोंदी पाहून नवख्या प्रशासकाला कोणीतरी ढवळाढवळ केल्याचा संशय येतो, पण २२४.०.०.२२, २२४.०.०.२५१ किंवा २३९.२५५.२५५.२५० यांच्यापुढील स्टॅटिक नोंदी विंडोज स्वतःच ठेवते. ते मल्टिकास्ट पत्ते आहेत. त्यांचा मॅक पत्ता कोणाला विचारून मिळवला जात नाही, तर ०१-००-५ई या ठरलेल्या आरंभापुढे आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिट ठेवून तयार केला जातो. तसेच २५५.२५५.२५५.२५५ पुढे सगळे एफ दिसणे स्वाभाविक आहे. या नोंदी सोडून द्याव्यात आणि नेहमीच्या यंत्राच्या पत्त्यापुढे, विशेषतः सर्व्हरच्या किंवा गेटवेच्या पत्त्यापुढे स्टॅटिक लिहिले आहे का, ते पाहावे.

अधिक तपशिलासाठी पॉवरशेलमधील ‘गेट-नेटनेबर’ ही कमांड वापरावी. ती लिनक्सप्रमाणेच रीचेबल, स्टेल, प्रोब, परमनंट अशा स्थिती दाखवते. विंडोज व्हिस्टापासून नोंदीची खात्री लिनक्सप्रमाणेच १५ ते ४५ सेकंदच टिकते. म्हणूनच आपला विंडोज संगणक इतका वेळ अडून बसावा, हे साध्या डायनॅमिक नोंदीने घडण्यासारखे नाही. तेथे हाताने घातलेली नोंद असण्याची दाट शक्यता मला वाटते.

अशी नोंद दोन मार्गांनी येऊ शकते आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. ‘एआरपी -एस’ ने घातलेली नोंद यंत्र पुन्हा सुरू केल्यावर राहत नाही. ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ अ‍ॅड नेबर्स’ या कमांडने घातलेली नोंद मात्र वेगळे काही न सांगितल्यास कायमच्या साठ्यात जाते आणि प्रत्येक वेळी परत येते. म्हणून ‘एआरपी -डी’ ने ती काढून समाधान मानू नये. ‘नेटश इंटरफेस आयपीव्ही४ डिलीट नेबर्स’ किंवा ‘रिमूव्ह-नेटनेबर’ वापरावे, आणि संगणक पुन्हा सुरू करून ‘एआरपी -ए’ एकदा पाहावेच. काढण्या-घालण्याच्या या सर्व कमांडना प्रशासकाचे अधिकार असलेली खिडकी लागते. नुसते पाहण्यासाठी तसे अधिकार लागत नाहीत.

निरंतर:

राउटरचा भाग राहिला आहे. दुसऱ्या सबनेटमधून येणाऱ्या सगळ्यांनाच सर्व्हर मिळत नाही, याचे कारण त्यांच्या स्वतःच्या टेबलांमध्ये शोधू नये. दुसऱ्या सबनेटमधील यंत्राच्या एआरपी टेबलात आपल्या सर्व्हरची नोंद असूच शकत नाही. त्याला फक्त आपल्या गेटवेचा मॅक पत्ता माहीत असतो. सर्व्हरच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा राउटर पार करतो, त्यामुळे चुकीची नोंद असली तर ती एकट्या राउटरमध्ये असते आणि तिचा फटका सगळ्यांना बसतो.

राउटरमधील मुदती मोठ्या असतात. सिस्कोच्या आयओएस प्रणालीत एआरपी नोंदीची मूळ मुदत १४,४०० सेकंद, म्हणजे चक्क ४ तास आहे. लिनक्ससारखी दर काही सेकंदांनी खातरजमा करण्याची पद्धत तेथे नाही. ‘शो आयपी एआरपी’ दिल्यावर प्रत्येक नोंदीचे वय मिनिटांत दिसते. आपल्या सर्व्हरच्या पत्त्यापुढील वय यंत्र बदलल्याच्या वेळेपेक्षा जास्त निघाले आणि मॅक पत्ता जुना असला, तर निदान पूर्ण झाले. आपला राउटर कोणत्या निर्मात्याचा आहे ते आपण लिहिलेले नाही, परंतु तत्त्व हेच राहील.

येथे आणखी एका टेबलाचा घोळ होतो, तो टाळावा. स्विचमध्ये असते ते मॅक टेबल: कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे, एवढेच त्यात असते आणि आयपी पत्त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. त्याची मुदत बहुधा ३०० सेकंद असते. एआरपी टेबल म्हणते ‘या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता अमुक’, आणि मॅक टेबल म्हणते ‘तो मॅक पत्ता अमुक पोर्टवर’. राउटर ४ तास जुना मॅक पत्ता धरून बसतो, स्विच तो ५ मिनिटांत विसरतो, आणि मग जुन्या यंत्रासाठीची पॅकेट स्विच त्या व्हीलॅनच्या (स्विचमध्ये वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कच्या) सर्व पोर्टवर सोडत राहतो. सर्व्हर मिळत नाही आणि वर नेटवर्कवर अकारण भार पडतो, अशी दुहेरी अडचण येथून उद्भवते.

उपाय पुसण्यापेक्षा सांगण्याचा करावा, असे माझे ठाम मत आहे. नव्या सर्व्हरवरूनच आपला पत्ता जाहीर करता येतो. लिनक्सवर ‘एआरपिंग -यू -सी ३ -आय ईटीएच० १९२.०.२.२०’ ही कमांड कोणीही न विचारता तीन वेळा सर्वांना कळवते की हा आयपी पत्ता आता या मॅक पत्त्यावर आहे. यातील यू आणि आय ही अक्षरे मोठी, सी लहान. ज्यांच्या टेबलात त्या आयपी पत्त्याची नोंद आधीच आहे, ते ती सहसा बदलून घेतात. नोंद नसलेली लिनक्स यंत्रे मूळ मांडणीत अशा घोषणेवरून नवी नोंद तयार करत नाहीत, पण त्यांना तिची गरजही नसते. यंत्र बदलण्याच्या वेळी हेच पहिले पाऊल असावे. व्हीआरआरपीसारख्या व्यवस्थेत एक राउटर बंद पडून दुसरा पुढे येतो, तेव्हा ००:००:५ई:००:०१ ने सुरू होणारा सामायिक मॅक पत्ता वापरला जातो आणि तरीही नवा राउटर अशी घोषणा करतोच, म्हणजे एआरपी टेबले आणि स्विचमधली मॅक टेबलेही एकाच वेळी ताळ्यावर येतात.

एक सूचना: ‘एआरपिंग’ या नावाचे दोन वेगळे प्रोग्राम प्रचलित आहेत आणि त्यांचे पर्याय सारखे नाहीत. वर दिलेले पर्याय आयपीयूटिल्स संचातील प्रोग्रामचे आहेत. आपल्या यंत्रावर कोणता आहे ते त्याच्या मदतपानावरून आधी पाहून घ्यावे.

उत्तरायण:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्रथम फक्त वाचले आणि सर्व फलिते फायलींमध्ये जपून ठेवली. राउटरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे जुनाच मॅक पत्ता होता, आणि नोंदीचे वय यंत्र बदलण्याच्या आधीपासूनचे होते. नव्या सर्व्हरवरून एआरपिंगने घोषणा करताच राउटरमधील नोंद बदलली आणि दुसऱ्या सबनेटमधील सर्वांना सर्व्हर मिळू लागला. राउटरवर काहीही पुसावे लागले नाही.

विंडोज संगणकावर ‘एआरपी -ए’ मध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे स्पष्टपणे स्टॅटिक लिहिलेले होते. द्वारपाल यांनी वर्तवल्याप्रमाणे ती नोंद ‘एआरपी -डी’ ने गेली आणि संगणक पुन्हा सुरू करताच परत आली. नेटशने काढल्यावर मात्र कायमची गेली. पूर्वी कोणीतरी सुरक्षेच्या हेतूने ती घातली असल्याचे चौकशीत कळले. आता प्रश्न असा की तो हेतू चुकीचा होता का?

पारिजात:

हेतू चुकीचा नव्हता, असे मी म्हणेन. एआरपीमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीही तरतूद नाही. त्याच सबनेटमधील कोणतेही यंत्र ‘गेटवेचा पत्ता माझ्याकडे आहे’ असे खोटे उत्तर पाठवू शकते, आणि ऐकणारे त्यावर विश्वास ठेवून आपली नोंद बदलतात. निरंतर यांनी सांगितलेली घोषणा ज्या सोयीने काम करते, त्याच सोयीने फसवणूकही चालते. गेटवेची नोंद कायमची केली की निदान त्या यंत्रापुरती ही वाट बंद होते. लिनक्सवर त्यासाठी ‘आयपी नेबर रिप्लेस १९२.०.२.१ एलएलअ‍ॅडर ००:००:५ई:००:५३:०१ नड परमनंट डेव्ह ईटीएच०’ अशी कमांड आहे. ‘अ‍ॅड’ ऐवजी ‘रिप्लेस’ लिहावे, कारण नोंद आधीच असेल तर अ‍ॅड नकार देते.

खोलपाणी:

पारिजात यांच्या पहिल्या विधानाशी मी सहमत आहे, पण निष्कर्षाशी नाही. एका बाजूची कायमची नोंद एकाच दिशेचे रक्षण करते. संगणकाला गेटवेचा खरा पत्ता पक्का माहीत असला, तरी गेटवेच्या टेबलातील त्या संगणकाची नोंद खोट्या उत्तराने बदलता येते, आणि परतीची सर्व पॅकेट भलतीकडे जातात. दोन्ही बाजूंना, प्रत्येक यंत्रासाठी, अशा नोंदी ठेवायच्या तर यंत्र किंवा नुसते नेटवर्क कार्ड बदलले तरी सगळीकडे जाऊन दुरुस्ती करावी लागते. ती एका ठिकाणी राहून गेली की काय होते हे आपण याच धाग्यात पाहिले. स्विचमध्ये सोय असेल तर डीएचसीपी स्नूपिंग आणि तिच्या आधाराने चालणारी डायनॅमिक एआरपी तपासणी चालू करावी. पत्ता वाटपाच्या नोंदींशी न जुळणारी एआरपी उत्तरे मग स्विचमध्येच अडवली जातात. तशी सोय नसेल तर एआरपीवॉचसारखा प्रोग्राम ठेवावा. तो अडवत काही नाही, पण कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता केव्हा बदलला याची नोंद ठेवून कळवतो.

संशय आला असता ‘टीसीपीडंप -एन -ई एआरपी’ चालवून प्रत्यक्ष विनंत्या आणि उत्तरे पाहावीत. एकाच विनंतीला दोन वेगवेगळ्या मॅक पत्त्यांवरून उत्तरे येत असतील, तर एकतर फसवणूक चालू आहे किंवा दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता दिला गेला आहे, आणि व्यवहारात दुसरी गोष्ट कितीतरी अधिक आढळते. ती तपासण्यासाठी ‘एआरपिंग -डी’ हा पर्याय आहे, त्यातील डी मोठे. पत्ता स्वीकारण्यापूर्वी तो कोणी वापरत नाही ना, हे पाहण्याची रीतसर पद्धत २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये दिली आहे आणि हा पर्याय त्याच प्रकारची विचारणा करतो. याउलट अनेक आयपी पत्त्यांपुढे एकच मॅक पत्ता दिसला म्हणून लगेच दोषारोप करू नये; एका कार्डावर अनेक पत्ते दिलेला सर्व्हर किंवा दुसऱ्यांच्या वतीने उत्तर देणारा राउटर असला तरी असेच दिसते.

साखळीदुवा:

पुसण्याविषयी मूळ प्रश्नात विचारले होते, त्याचे थोडक्यात उत्तर. लिनक्सवर एक नोंद काढण्यासाठी ‘आयपी नेबर डेल १९२.०.२.२० डेव्ह ईटीएच०’, आणि एका इंटरफेसवरील सर्व काढण्यासाठी ‘आयपी नेबर फ्लश डेव्ह ईटीएच०’. दोन्हींना रूटचे अधिकार लागतात. फ्लश परमनंट आणि नोएआरपी नोंदींना आपणहून हात लावत नाही, त्यामुळे ‘सगळे पुसूनही जुना पत्ता जात नाही’ अशी तक्रार असेल तर ‘आयपी नेबर शो नड परमनंट’ पाहावे. मॅकवर ‘सुडो एआरपी -डी’ आणि पुढे पत्ता. दूरस्थ जोडणीवरून गेटवेची साधी नोंद पुसली गेली तरी धोका नाही, कारण पुढच्याच पॅकेटला ती पुन्हा शोधली जाते. धोका आहे तो गेटवेची चुकीची परमनंट नोंद घालण्यात: त्यानंतर त्या यंत्रापर्यंत दूरून पोचण्याचा मार्गच उरत नाही, प्रत्यक्ष जाऊन बसावे लागते.

मोठ्या सबनेटमध्ये आणखी एक प्रकार घडतो. लिनक्स कर्नल टेबलाच्या आकाराला तीन मर्यादा लावतो, मूळ मूल्ये १२८, ५१२ आणि १०२४. पहिलीच्या खाली सफाई होत नाही. दुसरी ओलांडून ५ सेकंद झाले की सफाई नेटाने सुरू होते. तिसरी ओलांडता येत नाही. ४,०९६ पत्त्यांच्या सबनेटमध्ये एखाद्या यंत्रावरून सर्व पत्त्यांची चाचणी घेतली की अपुऱ्या नोंदींनी टेबल भरते, कर्नलच्या नोंदवहीत टेबल ओसंडल्याचा संदेश येतो आणि जिवंत यंत्रांशीही संपर्क तुटू लागतो. कंटेनर किंवा आभासी यंत्रे मोठ्या संख्येने चालवणाऱ्या सर्व्हरवर हे हमखास दिसते. तेथे वारंवार पुसत बसण्यात अर्थ नाही. कर्नलच्या मांडणीची मूल्ये बदलणाऱ्या ‘सिसकंट्रोल’ मधून ‘जीसी_थ्रेश’ नावाच्या या तीनही मर्यादा नेटवर्कच्या आकाराप्रमाणे वाढवाव्यात.

आयपीव्ही६ मध्ये एआरपी नाही. तेथे हेच काम नेबर डिस्कव्हरी करते, तिची सध्याची व्याख्या २००७ च्या आरएफसी ४८६१ मध्ये आहे. विनंती सर्वांना न पाठवता ठरावीक मल्टिकास्ट गटाला पाठवली जाते. रीचेबल, स्टेल, डिले, प्रोब हे शब्द मुळात या व्याख्येतलेच, आणि लिनक्स तीच पद्धत आयपीव्ही४ लाही लावतो. जुनी ‘एआरपी’ कमांड या नोंदी दाखवत नाही. ‘आयपी -६ नेबर शो’ किंवा मॅकवर ‘एनडीपी -ए’ वापरावे. सर्व्हरला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर दोन्ही टेबले पाहिल्याशिवाय निदान पूर्ण झाले असे समजू नये.

उत्तरायण:

एक शेवटची शंका. सर्व काही सुरळीत झाल्यावर ‘आयपी मॉनिटर नेबर’ ही कमांड एका लिनक्स संगणकावर चालू ठेवली होती, कारण ती टेबलातील प्रत्येक बदल घडताक्षणी दाखवते. तीत असे दिसले की नव्या सर्व्हरच्या पत्त्यापुढील मॅक पत्ता अधूनमधून बदलतो: कधी शेवटी २१, कधी २२. दोन्ही मॅक पत्ते त्याच सर्व्हरच्या दोन नेटवर्क कार्डांचे आहेत. दुसरे कार्ड बॅकअपसाठी आहे, त्याला वेगळा आयपी पत्ता दिला आहे, पण दोन्ही कार्डे सध्या एकाच सबनेटमध्ये जोडलेली आहेत. संपर्क तुटत नाही. तरीही हे योग्य आहे का?

निरंतर:

हा बिघाड नाही, लिनक्सची मूळ वागणूक आहे, पण ती तशीच राहू देऊ नये. लिनक्सच्या दृष्टीने आयपी पत्ता कार्डाचा नसतो, संपूर्ण यंत्राचा असतो. त्यामुळे १९२.०.२.२० साठी आलेली ब्रॉडकास्ट विनंती दोन्ही कार्डांवर पोचली की दोन्ही कार्डे आपापल्या मॅक पत्त्यासह उत्तर देतात, आणि विचारणाऱ्याच्या टेबलात कोणते उत्तर टिकेल हे वेळेवर अवलंबून राहते. परिणाम असा की मुख्य सेवेची वाहतूक अचानक बॅकअपच्या कार्डावरून येऊ लागते, आणि त्या कार्डाची केबल काढली तर ज्यांच्याकडे २२ ची नोंद आहे अशांचाच संपर्क तुटतो.

‘सिसकंट्रोल’ मध्ये ‘एआरपी_इग्नोर’ चे मूल्य १ करावे, म्हणजे विनंती ज्या कार्डावर आली त्याच कार्डाला तो पत्ता दिलेला असेल तरच उत्तर जाईल. ‘एआरपी_अनाउन्स’ चे मूल्य २ करावे, म्हणजे सर्व्हर स्वतः विनंत्या करताना त्या त्या कार्डाला साजेसाच आयपी पत्ता पुढे करील. दोन्ही मूल्ये पुन्हा सुरू केल्यावर टिकावीत यासाठी ती सिसकंट्रोलच्या फायलीत लिहून ठेवावीत. शक्य असेल तर बॅकअपचे कार्ड वेगळ्या व्हीलॅनमध्ये, वेगळ्या सबनेटसह न्यावे. तो अधिक स्वच्छ उपाय आहे.

उत्तरायण:

दोन्ही मूल्ये बदलली आणि फायलीतही लिहिली. त्यानंतर सर्व्हरवरून पुन्हा एकदा एआरपिंगने घोषणा केली, म्हणजे २२ धरून बसलेल्या यंत्रांनाही योग्य पत्ता मिळाला. आता मॉनिटरमध्ये रीचेबल आणि स्टेल असे बदल येत-जात आहेत, पण मॅक पत्ता प्रत्येक वेळी २१ हाच आहे. बॅकअपच्या कार्डासाठी वेगळ्या व्हीलॅनची मागणी नोंदवली आहे.